शकुनबाईंवरचा एक दिवस

तुमसरहून निघालेल्या एसटीतून आंबागडचा डोंगर दिसला, तेव्हाच मी बुटांच्या नाड्या आवळल्या. किल्ला पाहायचा होता. पाहिला तो चिखल.

गावात माझा मुक्काम मैत्रिणीच्या मावशींकडे, शकुनबाईंकडे. सकाळी उठले तर बाई काळजीत. आज त्यांच्या बांधीत (धानाच्या शेतात) रोवणी होती. इथल्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या शेतात राबतात, आपल्याकडच्या सावडीसारखं. शकुनबाई सगळ्यांकडे जाऊन आल्या होत्या. आता त्यांची पाळी आली आणि नेमकी त्यांची जाऊ तापाने पडली. पऱ्हे (धानाची रोपं) जून व्हायला आले होते. उद्या बाकीच्या जणी दुसऱ्या शेतात जाणार, म्हणजे आज उरलेली बांधी उरलीच.

"मजुरीनं कुणी मिळेल का? पैसे मी देते," मी म्हणाले.

"पैशाची बाई काम करून निघून जाते. मले पुढल्या सालीही रोवणी हाय ना."

मग काय, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून मीच उतरले. माझी ओळ नागमोडी गेली. "पुण्यात रस्ते असेच हायेत का?" शेजारची बाई म्हणाली आणि सगळी बांधी हसली. दुपारी बांधावर भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण खाल्लं. इतक्या चवीने मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते. दिवस कलायच्या आत शेवटचा कोपरा रोवून झाला. शकुनबाई बांधावर टेकल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या शेताकडे पाहत राहिल्या.

निघताना त्यांनी विचारलं, "मी कवा येऊ तुमच्या घरी?"

"कशाला?"

"तुमचा दिवस माह्यावर हाय."

"अहो, माझ्याकडे कसलं काम?"

"काहीच नाही? मंग तुमच्या घरी येते कोन?" त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

किल्ला मागे पडला, पण हा प्रश्न पुण्यापर्यंत सोबत आला. इथे नळ गळला की फोनवरून माणूस बोलवायचा, पैसे द्यायचे, त्याचं नावही विचारायचं नाही. मला एकदम फार एकटं वाटलं. मी शकुनबाईंना फोन लावला. "उन्हाळ्यात पापड लाटायला याल?" खरं तर आमच्याकडे पापड दुकानातूनच येतात.

"येईन ना," त्या खुशीत म्हणाल्या. "पर बाकीच्या बाया कोन कोन हायेत?"

"विचारून सांगते," म्हणाले, आणि चपला घालून समोरच्या दाराची बेल वाजवली.