सरिताचे पुढचे दोन पाय

मी सैन्याच्या पशुवैद्यकीय दलात ड्रेसर होतो, म्हणजे जनावरांची मलमपट्टी करणारा. शत्रूवर गोळी झाडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. माझी ड्युटी सिक लाइनवर, म्हणजे आजारी घोडे आणि खेचरं बांधतात तिथं. शेवटचं पोस्टिंग उत्तरेतल्या एका स्टेशनवर होतं. तिथल्या मेजरसाहेबांनी मला सुयांचं काम शिकवलं. घोड्याचा खूर दुखत असेल तर खुराच्या वर, जिथं केस संपतात त्या कडेला आणि खांद्यावर ठरलेल्या जागी बारीक सुया लावायच्या. वीस मिनिटं ठेवायच्या. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सुई दर्द निकालती है, हड्डी नहीं बाँधती. याद रखना."

रिटायर झाल्यावर मी पेणला घर केलं आणि डोलवीला एका कंपनीत सिक्युरिटीत लागलो. त्याच स्टेशनवरचा दफेदार काशिनाथ माझ्या आधी घरी आला होता. त्याचं गाव रोहा तालुक्यात, खांब गावापासून थोडं आत. त्याने नऊ वर्षं सांभाळलेली घोडी सरिता वयामुळे सैन्यातून काढली, तेव्हा लिलावात त्यानेच घेतली आणि ट्रकने गावी आणली. त्या गावात घोडं पहिल्यांदाच आलं होतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी नुकताच शिफ्टवरून सुटलो होतो.

"सरिता सिक."

"पाय कुठला?"

"पुढचे दोनी."

"खाल्लं काय?"

"तू आधी ये."

"काशिनाथ, खाल्लं काय?"

"तू ये."

मी सुयांची डबी घेतली आणि एसटी पकडली.

घोडी गोठ्याबाहेर उभी होती. पुढचे पाय लांब पुढे टाकलेले, सगळा भार मागच्यांवर. दोन्ही खूर हाताला गरम लागत होते. नाडी मिनिटाला बहात्तर. धडधाकट घोड्याची चाळीसच्या आसपास असते. हा लॅमिनायटिस, पोटात धान्य जास्त गेलं की घोड्याच्या खुरांत उतरणारा आजार. खुराच्या आत हाड असतं. ते खुराच्या भिंतीला शेकडो बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. पापुद्रे सुजले की सूज बाहेर यायला जागा नसते, आणि ते सुटले की हाड खाली उतरतं.

कारण वहिनींनी सांगितलं. दसऱ्याला घोडीची पूजा झाली. गावात बावीस घरं. प्रत्येक घरातून बाई आली, कुंकू लावलं आणि सुपातलं नवं भात घोडीपुढं ओतलं. न कांडलेलं, तुसासकट. काशिनाथ तेव्हा रोह्याला बाजारात गेला होता. घोडीने सगळं खाल्लं.

"बैल खातो, म्हस खाते," वहिनी रडत म्हणाल्या. "घोड्याला चालत नाय ह्ये आमाला कोन सांगनार व्हता, भावजी?"

मी हिशेब केला. सुपात अर्धा किलो धरलं तरी अकरा किलो. मी तो आकडा बोललो नाही.

सरकारी डॉक्टर येऊन गेले होते. इंजेक्शनं देऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की हाड उतरलं तर काही करता येणार नाही. मी त्यांना फोन करून सुयांचं विचारलं. ते म्हणाले, "लावा. आता नुकसान काय व्हायचंय?"

गाव जमलं. शेजारची सोनूआजी म्हणाली, "सुया टोचून घोडं बरं व्हतं? गोधडी हाय काय ती?"

"आजी, गप गो," काशिनाथ म्हणाला. एरवी तो हसला असता.

सुया लावल्या. बारा-तेरा मिनिटांनी घोडीची मान खाली आली. तिने ओठ चाटले. मग तीन दिवसांत पहिल्यांदा गवताला तोंड लावलं. सोनूआजीने पदर डोळ्यांना लावला.

आराम चार तास टिकला. मी कंपनीतून रजा घेतली. सकाळ-संध्याकाळ सुया, खुरांवर थंड पाणी, पायांखाली वाळू. काशिनाथला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतो. "दुखत नाही म्हणजे बरी झाली असं नाही. तिला हलवायचं नाही."

"व्हय, माहीत हाय."

त्याला खरंच माहीत होतं. पण माणूस किती धीर धरणार?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चुलीवर सुया उकळत होतो. घोडी शांत उभी होती. बाया विचारायला आल्या, "दादा, बरी झाली ना?" प्रत्येकीला 'होय' ऐकायचं होतं. सैन्यात रोज संध्याकाळी खुरांची तपासणी होते. सवार हुकूम देतो आणि घोडा पाय उचलून देतो. बायांना दाखवायला काशिनाथने तो हुकूम दिला.

"सरिता, पैर!"

मी ओरडलो. तोवर तिने डावा पाय उचलला होता. नऊ वर्षांत तिने एकदाही हुकूम मोडला नव्हता. सगळा भार उजव्या खुरावर गेला. ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. तळव्यातून हाडाचं टोक दिसत होतं.

डॉक्टर अंधार पडायच्या आत आले. बघून त्यांनी बॅगेतून शेवटचं इंजेक्शन काढलं. काशिनाथने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो मला म्हणाला, "आधी सुया लाव. दुखत नको जायला."

मी लावल्या. डॉक्टर पूर्ण वीस मिनिटं थांबले. तिची मान सैल झाली. मग त्यांनी इंजेक्शन दिलं.

सैन्यात घोड्याचा नंबर खुरावर कोरतात. खूर वाढतो तसा नंबर खाली सरकतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा कोरावा लागतो. काशिनाथने गावीही ते चालू ठेवलं होतं. खड्ड्यात उतरवण्याआधी त्याने खूर पुसला, मग तो सावधान उभा राहिला आणि त्याने नंबर वाचला.

"दोन-सात-एक-नऊ. सरिता. लाइनमधून कमी."

माती लोटायला बावीस घरांतली माणसं होती. कोणी कोणाला बोल लावला नाही. काशिनाथनेही नाही. त्या रात्री गावात कोणाची चूल पेटली नाही.

मी दर दसऱ्याला तिथं जातो. बाया आजही पूजेचं ताट घेऊन त्या जागेवर येतात. कुंकू वाहतात आणि एकेक मूठ हिरवं गवत ठेवतात. ताटात भाताचा दाणा नसतो. सोनूआजी आता वाकू शकत नाही. तिची मूठ काशिनाथ ठेवतो.