इराची सोमवारची पोटदुखी

मंडळी, सकाळपासून डोकं बधिर झालंय. कुणाला सांगावं कळेना, म्हणून इथे लिहितोय.

माझी लेक इरा नववीत आहे. पोट दुखतंय म्हणाली, म्हणून आज तिला आमच्या कंपनीच्या टाउनशिपच्या दवाखान्यात नेलं. तिथे प्रत्येकाची मेडिकल डायरी असते. डॉक्टर तारीख घालून औषध लिहितात, ते खिडकीवर मिळतं.

आज डॉक्टर नवीन होत्या. त्यांनी डायरीची मागची पानं चाळली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि इराला विचारलं, "बेटा, हर बार सोमवार को ही क्यों दुखता है?"

"सोमवार को कोचिंग में टेस्ट होता है," इरा म्हणाली. "और छूटते ही बाबा का फोन आता है, कितने सही हुए."

आवाजात तक्रार नव्हती. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं तिने.

मी डायरी पाहिली. सात तारखा, सातही सोमवार. औषध मिळाल्याची सही प्रत्येक वेळी माझीच.

मी प्लँटमध्ये क्वालिटीला आहे. एकाच पार्टमध्ये तोच दोष तिसऱ्यांदा दिसला, की काम थांबवून कारण शोधतो. पोरीला मात्र सात वेळा गोळी देऊन टेस्टला पाठवलं.

आज तिला टेस्टला न पाठवता घरी, पिपलानीच्या क्वार्टरवर सोडलं आणि ड्युटीवर आलो. आता टेस्ट सुटायची वेळ झाली आहे. सवयीने फोन हातात घेतलाय.

किती बरोबर आले, हे सोडून तिला काय विचारायचं, तेच सुचत नाहीये. तुम्ही काय विचारता मुलांना?