राजाने अजून ओळखले नाही

माझे अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखे आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझी कधी नीट ओळख झाली नाही. चौथीची परीक्षा दिली आणि लग्न होऊन जव्हारला आले, तेव्हा जे शिकायचे राहिले ते राहिलेच. ही वही कोणाच्या हाती पडली तर त्याने चुका पोटात घालाव्यात. मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण एकच नाटक एकेचाळीस वेळा पाहिलेला माणूस सबंध जव्हार संस्थानात एकच झाला आणि तो आमच्या स्वयंपाकघरात माझ्या चुलीशेजारी पाट टाकून बसत असे, एवढे कुठेतरी लिहिलेले असावे असे मला वाटते.

ते माझे चुलत दीर. अंगाने पापडासारखे, कान मोठे, आवाज आणखी मोठा. लग्न झालेले नव्हते. कचेरीत हुकुमांच्या नकला करण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि राहायला ते आमच्याकडेच होते. आमचे हे जंगल खात्यात, म्हणजे महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरात सासूबाई, मी आणि भावोजी. सासूबाई कामापुरते बोलत, मी तेवढेही बोलत नसे. भावोजी तिघांच्या वाटचे बोलत.

नाटक कंपनी आमच्या गावी दसऱ्याला आली ती आठ दिवसांसाठी. त्र्यंबकेश्वराकडून येताना घाटात त्यांची एक गाडी दरीत गेली. बैल वाचले, गाडीवान वाचला, पण चार नाटकांचे पडदे आणि पोशाख गेले. उरले एकाच नाटकाचे. त्यात कंपनीच्या मालकाला इथला हिवताप लागला, तो काही केल्या सोडीना. त्यामुळे कंपनी शिमग्यापर्यंत गावात अडकली आणि तेच एक नाटक करीत राहिली. गोष्ट अशी, की राणीवर खोटा आळ येतो आणि राजा तिला घालवून देतो. ती दासी होऊन त्याच्याच महालात परत येते, त्याला पाणी देते, वारा घालते, आणि राजा काही पाचव्या अंकापर्यंत तिला ओळखत नाही. मध्ये पुष्कळ गाणी आहेत. पहिल्या आठवड्यात सगळे गाव लोटले. दुसऱ्या आठवड्यात ज्यांना गाण्याचे वेड ते गेले. तिसऱ्या आठवड्यापासून मांडवात माणसांपेक्षा खांब जास्त असत, आणि त्या खांबांच्या पुढे, पहिल्या रांगेत, भावोजी.

खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत असताना ते येऊन बसत आणि झालेला खेळ पुन्हा करून दाखवीत. पळी म्हणजे तलवार, सूप म्हणजे सिंहासनाची पाठ. राणीसाठी माझे भाकरीचे फडके डोक्यावर. ऑर्गनही तेच, तबलाही तेच. सासूबाई देवघरातून ओरडत, "अरे, सोवळ्यातल्या पळीला हात लावू नकोस." मग राजा तलवार खाली ठेवून उलथणे घेई.

"वहिनी, काल राणीनं पदर डाव्या हातानं सावरला," ते एकदा धावतच सांगायला आले.

"मग?"

"मग काय? आजवर उजव्या हातानं सावरत होती. काल तिच्या मनात होतं की सांगून टाकावं. थोडक्यात राहिलं."

"राणी म्हणजे तो मिशा काढलेला बुवाच ना? परवा विहिरीवर धोतर धूत होता तो?"

"तो दिवसा," भावोजी म्हणाले.

त्यांच्या या वेडाच्या कथा गावभर झाल्या होत्या. संध्याकाळी ते शिरपामाळावर जाऊन राजाची भाषणे म्हणत. गुराखी सांगत, की गुरे पहिल्यांदा बिचकली, मग सवयीने ऐकू लागली आणि भाषण संपले की आपापली उठून घराकडे वळू लागली. कचेरीत तर त्यांनी कहर केला. सागवान विनापरवाना तोडू नये असा एका पाटलाला हुकूम जायचा होता. त्याची नक्कल करताना भावोजींचे मन तिसऱ्या अंकात होते, आणि हुकुमाच्या माथ्यावर पाटलाच्या नावाऐवजी ‘प्रिये’ असे पडले. खाली संस्थानचा शिक्का. पाटलाने तो मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला आणि पायी जव्हारला येऊन कचेरीत हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "सागाला कुणी हात लावणार नाही. पण सरकारचा माझ्यावर एवढा जीव कधीपासून?" कारभाऱ्यांनी भावोजींचा आठ दिवसांचा पगार कापला. भावोजींना दुःख झाले ते एवढेच, की त्या पगारात तीन खेळांची तिकिटे आली असती.

रडण्याचीही त्यांची एक रीत होती. पुढे काय होणार हे पाठ असल्यामुळे ते एक भाषण आधीच रडू लागत. राणीला घालवून देण्याआधी राजा मजेत विडा खात असतो, तेव्हाच पहिल्या रांगेतून हुंदका येई. मागचे लोक मग उपरणी सरसावून बसत.

मी त्यांना एकदा विचारले होते, "भावोजी, तेच ते पाहून कंटाळा नाही येत?"

त्यांनी माझ्या परातीकडे बोट केले. "तुम्ही रोज नागलीची भाकरी करता. कधी दोन सारख्या झाल्यात?"

मी विचार केला. झाल्या नव्हत्या.

"आणि दुसरं म्हणजे," ते आवाज उतरवून म्हणाले, "चौथ्या अंकात ती दिवा घेऊन त्याच्या अगदी तोंडासमोर उभी राहते. मला दर वेळी वाटतं, आज ओळखणार. ओळखत नाही. पण वाटतं खरं."

आता पाटल्यांचे सांगते. माझ्या वडिलांनी शेवटच्या दुखण्यात माझ्या हातात चाळीस रुपये ठेवले होते आणि पाटल्या करून घाल असे सांगितले होते. सोनाराशी बोलायची मला लाज वाटे, म्हणून ते रुपये नागलीच्या मडक्यात तसेच पडून होते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो आहे ना बोलका. त्याच्या हाती दे सोनाराकडे." मी पुरचुंडी बांधून भावोजींकडे दिली. ते गेले आणि घटकाभरात परत आले. पुरचुंडी न सोडता माझ्यासमोर ठेवली.

"वहिनी, सोनाराच्या आळीला जाताना मांडवावरून जावं लागतं. आत मालक पांघरूण घेऊन बसला होता. म्हणाला, आता नुसते खांब पाहायला येतात. चार-सहा खेळ भरले नाहीत तर गाशा गुंडाळून जाणार. मांडव भरायचा तर माणसं हवीत, आणि माणसांना तिकिटं हवीत." मग बराच वेळ ते गप्प बसले. ते गप्प बसलेले मी प्रथमच पाहिले. "मी मागत नाही. फक्त सांगतो आहे. पाटल्या तुमच्या वडिलांच्या आहेत."

मी पुरचुंडी उचलून त्यांच्याकडे सारली. का, ते तेव्हा मला सांगता आले नसते. आज लिहिता येते. कंपनी गेली असती तर सकाळी माझ्या चुलीशी कोण बसणार होते?

त्यानंतर भावोजी गावातल्या कंटाळलेल्यांच्या नादी लागले नाहीत. ज्यांनी नाटक हा प्रकारच पाहिला नव्हता त्यांच्याकडे गेले. मोखाड्याच्या बाजारात आणि खोडाळ्याच्या बाजारात उभे राहून त्यांनी भात-नागली विकायला आलेल्यांना चार-चार आण्यांची तिकिटे फुकट वाटली. लोक आधी घाबरले, त्यांना वाटले सरकारचा नवा कर. मग हळूहळू येऊ लागले, भाकऱ्या बांधून, घोंगड्या घेऊन, बायकापोरांसह. मांडव भरू लागला. मालकाचा ताप उतरला. आणि घरी सासूबाई दर आठवड्याला मला विचारू लागल्या, "सोनार काय म्हणतो?" मी जन्मात खोटे बोलले नव्हते. "घडवतो आहे," मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात, "झिलई राहिली आहे." एकाच झिलईवर मी दोन महिने काढले.

शेवटी सासूबाईंनाच वाटले, की एवढे गाव लोटते आहे तर आपणही पाहावे. आम्ही दोघी गेलो. बायकांची बसायची जागा चिकाच्या पडद्याआड होती. मी चिकातून पाहिले. पुरुषांच्या बाजूला, आमच्यापासून चार हातांवर, सोनार बसला होता. त्यामुळे पहिले तीन अंक मी काय पाहिले मला ठाऊक नाही. आठवते ते एवढेच, की पहिल्या रांगेतले दोन मोठे कान हलत होते आणि भावोजींचे ओठ राजाबरोबर आणि राणीबरोबरही चालले होते.

चौथा अंक आला. राणी दासीच्या वेषात दिवा घेऊन राजासमोर उभी राहिली. राजा म्हणाला, "दासी, तू कोण? कुठली?" तोच मांडवाच्या मागून कोणी ओरडले, "अरे राजा, तुझीच बायको हाय ना ती! वळखत कसा नाहीस?"

सगळे वळून पाहू लागले. एक म्हातारबाबा घोंगडी खांद्यावर टाकून उठले होते. राजा गडबडला आणि पुढचे वाक्य विसरला. आतून वाक्ये सांगणारा माणूस तापाने अंथरुणावर होता. राजा पुन्हा म्हणाला, "दासी, तू कोण?" म्हाताऱ्याला हे सहन झाले नाही. तो चालत पुढे आला, रंगमंचावर चढला आणि राणीचा हात धरून तिला राजाच्या शेजारी नेऊ लागला. "हिला मघाशी तूच घालवलीस. मी हितं बसून बघितलं. आता घरात घे." मागून त्याची माणसे म्हणाली, "घे, घे." बायकांच्या बाजूनेही दोघी-तिघी म्हणाल्या, "बरोबर आहे बाबांचं." त्यातली एक आमच्या सासूबाई होत्या.

तेव्हा भावोजी उठले. "बाबा, थांबा," ते हात जोडून म्हणाले. "ओळखणार आहे तो. अजून थोडा वेळ आहे. तेवढी वाट पाहा."

"नक्की?"

"मी चाळीस वेळा पाहिलंय."

म्हातारा त्यांच्याकडे पाहत राहिला. मग राणीचा हात सोडून रंगमंचाच्या कडेलाच बसला, म्हणजे राजाने शब्द मोडला तर जवळ असावे. भावोजींनी जागेवरूनच राजाला वाक्य दिले. मग पुढचे दिले. चौथा अंक त्यांच्या आवाजावर पार पडला, आणि पाचवाही. राजाने राणीला ओळखले तेव्हा म्हाताऱ्याने मान हलवली आणि बांधून आणलेली भाकरी सोडली.

मांडवातून बाहेर पडताना सासूबाईंनी सोनाराला गाठलेच. "झिलईला किती दिवस लावतोस रे?" त्याने विचारले, "कसली झिलई?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आम्हा दोघांना देवघरासमोर उभे केले. मी फडक्याच्या टोकाला पीळ देत राहिले. भावोजींनी सगळे सांगितले आणि वर म्हणाले, "वहिनींचा दोष नाही."

"तिचा दोष कसा नाही? झिलई तिनं केली," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांना विचारले, "किती वेळा पाहिलंस?"

"एकेचाळीस."

"आणि काल तो ओळखत होता, म्हातारा आणून देत होता, तर तूच आडवा का गेलास?"

भावोजी म्हणाले, "काकू, इतके दिवस मी त्याचीच वाट पाहत होतो. वेळ आली तेव्हा वाटलं, आत्ता ओळखलं तर पाचव्या अंकातलं तिचं गाणं राहील. ती ते इतक्या दिवसांनी म्हणते."

सासूबाईंनी समईची वात सारली. मग म्हणाल्या, "तिच्या बापाचे पैसे आहेत. पै न् पै फेडायची."

कचेरीतल्या पगारात ते फिटणारे नव्हते, आणि ‘प्रिये’पासून त्यांचा तिथला पगार कधी पुरा हातात आलाच नाही. इकडे मालकाने निरोप पाठवला होता, की कंपनीत वाक्ये सांगायला या, जेवून महिना आठ रुपये देतो. शिमगा झाल्यावर कंपनी निघाली तेव्हा भावोजी शेवटच्या गाडीत बसले. घाटाची भीती म्हणून पोशाखांच्या पेट्या या वेळी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतल्या होत्या. मी दारात उभी होते. ते म्हणाले, "वहिनी, भाकरी करपते आहे." ती खरेच करपली होती.

मग मनीऑर्डरी येऊ लागल्या. दर खेपेला दोन रुपये, आणि खाली कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी. नाशिकहून, संगमनेरहून, एकदा साताऱ्याहून. ‘राणीला पडसे. गाणे निम्मे झाले, पण निम्मेच जास्त बरे लागले.’ ‘इथले लोक रडत नाहीत. आमच्या घोंगडीवाल्या बाबांना आणायला हवे होते.’ ‘आज पदर पुन्हा डाव्या हाताने.’ पोस्टमन अंगठ्यासाठी शाई पुढे करी, मी सही करीत असे. चार बुके शिकल्याचा उपयोग मला तेवढाच झाला. सासूबाई विचारीत, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवी. त्या म्हणत, "अजून ओळखलं नाही वाटतं," आणि जपाला लागत.

परवा विसावी आली. खाली तुकड्यावर लिहिले होते, ‘वहिनी, हे शेवटचे. पाटल्या घाला. राणीचे काम आता नवा मुलगा करतो. मी रोज पाहतो, फक्त पडद्याआडून. राजाने अजून ओळखले नाही.’

सोनाराकडे मी स्वतःच गेले आणि स्वतःच बोलले. पाटल्या आठ दिवसांत मिळतील म्हणाला. घरी येऊन मडक्यामागून ते सगळे कागद काढले आणि चुलीपुढे ओळीने मांडले. एखादा कमी भरतो का पाहिले. पुन्हा मोजले. वीसच होते. चाळीस रुपये पुरते फिटले.