साडूंचा बिल्ड
चालत्या गाडीत बसून खूश होणारी माणसं कोल्हापुरात पुष्कळ सापडतील; पण तीच गाडी पूर्ण सुटी करून पुन्हा जशीच्या तशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय तिच्यात पाय न ठेवणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने नवरा म्हणून पत्करला आहे. या माझ्या साडूंचा एकदा जमलेल्या गोष्टीवर भरवसाच नसतो. मेव्हणीच्या हातच्या चहाचं मी कौतुक केलं, तर त्यांनी तिला आमच्या घरी आणून, आमच्या भांड्यात, आमच्या गॅसवर तो पुन्हा करायला लावला. चव जरा वेगळी लागली. "हितं तसाच झाला न्हाई, पावणं. म्हंजे तो चहा न्हवता, योगायोग हुता," ते म्हणाले. मेव्हणीने त्यांच्याशी बोलणंही सोडलं आणि त्यांना चहा देणंही, त्यामुळे काही दिवस ते आमच्याकडे येऊन, नावं ठेवत, आमचाच चहा पीत होते.

अशा माणसाबरोबर मी सॉफ्टवेअर करायला घेतलं. कबनूरच्या एका यंत्रमाग कारखान्याच्या मालकांना, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, कापडाच्या फोटोंवरून विणीतले दोष मोजणारा प्रोग्रॅम हवा होता. शाहूपुरीत पिठाच्या गिरणीवरची खोली घेतली. प्रोग्रॅम मी लिहायचा आणि साडूंनी बिल्ड उभा करायचा. म्हणजे माझे सुटे तुकडे एका हुकमासरशी गोळा व्हावेत, तपासले जावेत आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारा एकसंध प्रोग्रॅम तयार व्हावा, अशी व्यवस्था. मला वाटलं, दुपारभराचं काम. साडूंनी त्यात अख्खा उन्हाळा घातला. माझी एक ओळ लिहून होईपर्यंत तिच्यासाठी त्यांच्या चार तपासण्या दारात उभ्या. "माझ्याकडं तर चालतंय" असं मी चुकून म्हणालो, की ते पंगतीत कुणी अचकटविचकट बोलल्यासारखे खिडकीबाहेर बघत बसत.

चाचा काम बघायला आले तेव्हा साडूंनी ऐटीत हुकूम दिला, पडद्यावर हिरव्या खुणांची रांग सरसरत गेली, आणि तयार झालेल्या प्रोग्रॅमने एका कोऱ्या चौकटीत 'नमस्कार' एवढंच लिहिलं. चाचांनी गंभीरपणे हात उचलून त्याला सलाम केला. "झकास हाय. आता कापड कुठं दिसंल?"

"येतंय की, चाचा. वाट तयार झालीया," साडू म्हणाले.

"वाट तर आमच्या कारखान्यापतुर बी हाय. तुमीच आला न्हाईसा," चाचा म्हणाले, आणि ईदपर्यंत प्रोग्रॅम दिसला नाही तर दुसरा माणूस बघू, असं शांतपणे सांगून गेले.

मग मी जीव तोडून प्रोग्रॅम पुरा केला. ठरल्या दिवशी चाचांच्याच ऑफिसात, त्यांच्याच कॉम्प्युटरवर साडूंनी हुकूम दिला. हिरव्या खुणा उमटत गेल्या आणि मध्येच एक लाल. बिल्ड थांबला. बाहेर माग खडखडत होते, आत चाचा घड्याळ बघत होते. "तेवढी एक तपासणी वगळा," मी साडूंच्या कानात सांगितलं. "वगळायची आसती तर लिवली कशाला?" ते अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले. मी दातओठ खात चूक शोधायला बसलो, आणि ती सापडली: दोन फोटोंच्या शिवेवर आलेला एकच दोष माझा प्रोग्रॅम दोनदा मोजत होता. चांगलं कापड नापास झालं असतं. साडूंनी हे चाचांना जसंच्या तसं सांगितलं, वर चूक कुणाची तेही बोटाने दाखवलं. मला वाटलं, काम गेलं. चाचांनी घरून बिर्याणी मागवली. "सोताची चूक सोता सांगतासा. मग काम तुमचंच," ते म्हणाले. बिर्याणी खाताना साडूंनी त्यांना विचारलं, "पुढच्या बारीला बी अशीच हुईल न्हवं?"

प्रोग्रॅम अजून चालतो, आणि बिल्ड इतका धडधाकट की त्याला कधी साधी शिंकसुद्धा येत नाही. साडू आता बंगळूरला मुलीकडे राहतात. सुरुवातीला त्यांचा फोन यायचा, काही बिघडलं का म्हणून. मी नाही म्हणायचो, की ते फोन ठेवायचे. त्यांनी काम असं करून ठेवलं होतं, की त्यांना हाक मारायला कारणच उरलं नव्हतं. हळूहळू फोन थांबले. परवा खोलीत एकटा होतो, म्हणून मीच लावला.

"काय मोडलं?" आवाजात जुना हुरूप होता.

"काही नाही. असाच केला."

मग ते खाकरले आणि परक्या भाषेतलं पहिलं वाक्य बोलावं तसं जपून म्हणाले, "बरं... जेवलासा का, पावणं?"