मृदंगाची कणीक

कणकेवर पहिलं पाणी पडलं की जो वास येतो, तो मला थेट वलगावच्या देवळात नेऊन बसवतो.

लग्नाला तीन महिने झाले होते. महिला भजनी मंडळात मृदंग वाजवणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि सासूबाईंनी सगळ्यांदेखत मृदंग माझ्या मांडीवर ठेवला. माहेरी वडिलांकडून शिकले होते मी. डाव्या तोंडाला ओली कणीक थापली आणि हात असा सोडला की बायका डोलायला लागल्या. मी फुगलेच.

मग एक लांब ओळ घेताना सासूबाईंना ठसका लागला. टाळ थांबले. मी मात्र साधा, हलका ठेका धरून ठेवला आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्या पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं. अंगठा हलला, आणि ओळ सुटली होती तिथूनच त्यांनी उचलली.

निघताना मृदंगाची कणीक खरवडून गाईला देत त्या म्हणाल्या, "हात तं कोनाचाबी जोरात पयते, पोरी. तू माई वाट पायली."

माझ्या जलद बोलांबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा मी रुसले होते.

आता त्या भिंत धरत स्वयंपाकघराकडे निघाल्या, की मी कणकेच्या हातांनी परातीवर संथ ठेका धरते. त्यांचा पाय उंबऱ्यावर पडतो, तो बरोबर समेवर. मग विचारतात, "काहून वं, हात जड झाला काय तुया?"