ठोकेकाकांची एक खोटी नोंद

ठोकेकाका भित्रे होते. हे आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही, कारण ते स्वतःही कधी लपवत नसत. कुणाच्या घरी गेले की आधी छताकडे बघायचे, मग माणसाकडे. झोपायचे ते कपाटापासून चार हात लांब, कारण उभी वस्तू केव्हा ना केव्हा आडवी होतेच, असं त्यांचं ठाम मत. त्यांची बायको घरी शिलाईचं काम करायची. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "हे पाळण्यातसुद्धा आधी दोरी ओढून बघून झोपले असतील."

अशा माणसाला पोटापाण्याचं काम मिळालं तेही बघा कसं! जंगलातून शाळेकडे आणि बाजाराकडे जाणारा रस्ता होता. त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं पडायच्या बेतात आहेत की नाहीत, हे सांगायचं. वनखात्यात तीस वर्षं ते हेच करत होते. वाऱ्याचे दिवस यायच्या आधी प्रत्येक झाडाशी थांबायचं, डावा तळहात सालीवर सपाट टेकवायचा आणि उजव्या हातातल्या हातोडीच्या पाठीनं बुंध्यावर ठोका द्यायचा. भरीव झाड खणखणीत वाजतं आणि तळहाताला बारीक झटका बसतो. पोकळ झाड तडा गेलेल्या मडक्यासारखं बद्द वाजतं आणि हाताला काहीच येत नाही. पोकळ निघालं की बुंध्याभोवती लाल रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे आठ दिवसांत करवतवाले हजर. भरीव असलं तर वहीत झाडाचा नंबर आणि पुढे 'भरीव' एवढा एक शब्द. सगळं गाव त्यांना ठोकेकाका म्हणायचं ते यामुळेच. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं उपयोगी पडायचं.

त्यांच्या कानावर लोकांचा डोळे झाकून विश्वास होता. तीस वर्षांत त्यांनी भरीव म्हटलेलं एकही झाड रस्त्यावर आलं नव्हतं. येणार कुठून? काका ताकही फुंकून पिणारे. जरा शंका आली की लाल पट्टा. बुंध्यात मूठभर भोक दिसलं की पट्टा, सुतारपक्षी दोनदा बसला की पट्टा. त्यांच्या भीतीपायी किती धडधाकट झाडं गेली, ते कुणी कधी विचारलं नाही. जे झाड पडलं नाही त्याबद्दल माणसाला शाबासकी मिळते, जे उगाच पाडलं त्याबद्दल कोण जाब विचारणार?

विचारलं ते नव्या रेंजरबाईंनी. वयानं काकांच्या मुलीएवढ्या, पण चालायला दांडग्या. एकदा सोबत चालताना म्हणाल्या, "काका, या रस्त्याला धनेश दिसत नाहीत हो."

"उडून गेले असतील."

"गेले नाहीत, आपण त्यांची घरं पाडली. धनेशाला जुन्या झाडातली मोठी ढोली लागते. मादी आत शिरते आणि तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. चोच मावेल एवढी फट ठेवते. अंडी, पिल्लं सगळं आत. नर बाहेरून फळं आणून भरवतो, आणि त्याच फळांच्या बिया रानभर टाकत हिंडतो. तुमचं-माझं वय झालं ना, की या रानात फळझाडं लावणारं कुणी उरणार नाही."

काकांनी "हो ना, हो ना" म्हणत मान हलवली आणि पुढच्या झाडाला पट्टा मारला.

यंदा मात्र वळणावरच्या झाडाशी घोटाळा झाला. शाळेच्या अलीकडचं हे शेवटचं वळण, आणि झाड रस्त्याच्या इतकं जवळ की पोरं जाता-येता त्याला हात लावून जायची. काकांनी तळहात टेकवला, ठोका दिला. बद्द. दुसरा दिला. बद्द. त्यांनी डबा उघडला, ब्रश रंगात बुडवला आणि तेवढ्यात डोक्यावर मोठ्यानं हवा कापल्याचा आवाज आला. काका सवयीनं खाली बसले. झाड नव्हतं पडलं. भलामोठा धनेश फांदीवर येऊन बसला होता. तो खोडाच्या चिरेपाशी गेला, गळ्यातून एकेक फळ काढून पुढे करू लागला, आणि आतून एक चोचीचं टोक बाहेर येऊन ते घेऊ लागलं. एक, दोन, तीन... सतरा फळं झाली. काका तसेच उकिडवे बसून बघत राहिले आणि ब्रशवरचा रंग त्यांच्या चपलेवर ठिबकत राहिला.

आत कुणीतरी स्वतःला कोंडून घेऊन बसलं होतं, बाहेरच्याच्या भरवशावर. काकांना ती भीती चांगली ओळखीची होती. रेंजरबाईंना सांगावं, तर नियमात पक्ष्यासाठी जागा नव्हती. रस्त्यालगतचं पोकळ झाड म्हणजे आठ दिवस, बस्स. पिल्लू बाहेर पडायला अजून दोन महिने लागणार होते, आणि वारे सुटायलाही साधारण तेवढेच. जमेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी धीट माणसासारखं काहीतरी केलं. वही उघडली आणि त्या झाडाच्या नंबरापुढे लिहिलं, 'भरीव'.

धीटपणा संध्याकाळपर्यंत टिकला. मग पाचावर धारण बसली ती बसलीच.

त्यांची नात, नऊ वर्षांची, अंगानं काटकुळी आणि क्षणभर एका जागी न ठरणारी, म्हणून घरात तिला खारू म्हणायचे. ती रोज त्याच वळणावरून शाळेला जायची. दुसऱ्याच दिवशी काकांनी फर्मान काढलं, की तिनं नाल्याच्या पुलावरून जायचं.

"आजोबा, तिकडून अर्धा तास जास्त लागतो! माझ्या मैत्रिणी सगळ्या इकडून जातात."

"चालणं तब्येतीला चांगलं असतं."

"मग मैत्रिणींच्या तब्येतीला नसतं का?"

बायकोनं शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं. पोरगी दप्तर आपटत निघून गेली, तेव्हा बायको हळूच म्हणाली, "वळणावरचं झाड पोकळ आहे ना?"

काका म्हणाले, "वहीत भरीव लिहिलंय."

"वहीत काय लिहिलंय ते नाही विचारलं मी." तिनं चष्मा काढला. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, होय हो? आपली लांबून जाणार आणि लोकांची त्याखालून? तुम्ही भित्रे आहात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण भित्रा माणूस निदान सगळ्यांसाठी भितो."

त्यानंतर काकांना अन्न गोड लागेना, झोप येईना. शाळा भरताना आणि सुटताना ते वळणावर जाऊन उभे राहायचे. पोरं ओरडायची, "ठोकेआजोबा, काय बघताय?" हे म्हणायचे, "काही नाही, पुढे चला, पटापट चला." प्रत्येक पोर झाडाखालून पलीकडे जाईपर्यंत यांची नजर वर खोडावर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. पान हललं तरी यांना खोड हलल्यासारखं वाटायचं. नर रोज यायचा, फळं द्यायचा, जायचा. एके दिवशी आतून बारीक, चिरका दुसरा आवाज ऐकू आला. अंड्यातून पिल्लू निघालं होतं. काकांना आनंद झाला, पण आता माघार घेणं आणखी अवघड होतं.

वारे यंदा तीन आठवडे आधीच सुटले. त्या दिवशी दुपारी शाळा सुटायच्या सुमारास सगळं रान एका बाजूला कलायला लागलं. काका धावत वळणावर पोचले तेव्हा झाड करकरत होतं. बुंध्यावर तळहात ठेवला, तर आतून काहीतरी फाटत असल्यासारखी थरथर हाताला लागली. आणि समोरून पोरांचा घोळका येत होता, तीस-पस्तीस जण, पुढे शाळेच्या बाई.

काका रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. "मागे फिरा! पुलावरून जा!"

पोरं हसली. बाई जवळ आल्या. "अहो काका, वाऱ्याला घाबरलात होय? तुम्हीच तर हे भरीव म्हणालात. शाळेत यादी लावलीय."

सांगितलं तर नोकरी जाणार होती, आब जाणार होता, आणि ढोलीतलं सगळं जाणार होतं. नाही सांगितलं तर... वर पुन्हा एकदा करकरलं.

"खोटं लिहिलं मी," ते ओरडले. "पोकळ आहे. पहिल्या दिवसापासून पोकळ आहे. न्या हो पोरांना, पाया पडतो तुमच्या!"

बाईंनी तिथल्या तिथे पोरं वळवली.

झाड काही पडलं नाही. वारा ओसरला, नर संध्याकाळी फळं घेऊन आलासुद्धा. पण गावात जे पडायचं ते पडलं होतं. रेंजरबाई आल्या, त्यांनी ढोली बघितली आणि म्हणाल्या, "पिल्लू उडेपर्यंत मी रस्ता बंद ठेवते. हे मला आधी सांगितलं असतंत तर तेव्हाच काहीतरी मार्ग काढला असता. पण काका, या रस्त्याला आणखी दोनशे बारा झाडं आहेत, आणि त्या सगळ्यांच्या पुढे तुमच्याच हातानं भरीव लिहिलंय. आता त्यावर विश्वास कुणी ठेवायचा? लोक अर्ज घेऊन आलेत. सगळीच पाडा म्हणतात."

"सगळी?"

"सुक्याबरोबर ओलंही जळतं, काका."

एक झाड वाचवायला काका गेले आणि रानाची अख्खी कड त्यांनी करवतीखाली दिली होती. रेंजरबाईंनी कसंबसं लोकांना राजी केलं: शनिवारी सगळ्यांच्या समोर एकेक झाड पुन्हा वाजवायचं, मग काय ते ठरवायचं.

शनिवारी अर्धं गाव रस्त्यावर जमलं होतं. काका पहिल्या झाडाशी गेले. हे झाड तीस वर्षांच्या ओळखीचं. तळहात टेकवला, ठोका दिला. खणखणीत, दूरवर ऐकू जाईल असं.

"भरीव," ते म्हणाले.

किराणा दुकानवाली, जिची दोन्ही मुलं त्या दिवशी घोळक्यात होती, पुढे आली. "असं? मग तुमच्या नातीला करा उभं त्याच्याखाली. आमची मुलं उभी केली होतीत, आता तुमची करा."

"अहो बाई, असं नका बोलू," रेंजरबाई म्हणाल्या. पण घोळक्यातून "बरोबर आहे, बरोबर आहे" असा गलका उठला. खारू आजीचा पदर धरून उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. झाड भरीव होतं, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पण भरीव झाडाचीही फांदी तुटते. भरीव म्हणजे फक्त एका म्हाताऱ्याचा कान आणि तळहात, त्यापलीकडे काही नाही. हे लोकांना आज कळत होतं. यांना ते तीस वर्षं रोज कळत होतं.

"नाही करणार," ते म्हणाले. "मला भीती वाटते."

आणि त्यांनी डबा उघडून त्या धडधाकट झाडाला, सगळ्यांच्या देखत, लाल पट्टा ओढला. पट्टा नागमोडी आला. गर्दीत कुणीतरी समाधानानं खाकरलं. करवतवाला पुढे झाला. काका दुसऱ्या झाडाकडे वळले, तर त्याच्या बुंध्याला पाठ टेकून खारू उभी.

"अगं ए! हो बाजूला! हो तिथून!"

"वाजवा ना आजोबा."

"तू आधी बाहेर ये."

"मग तुम्ही यालाही रंग लावाल." ती जागची हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती पोर एका जागी ठरली होती. "वाजवा."

काकांनी बायकोकडे पाहिलं. तिनं तोंडावर पदर दाबून धरला होता, पण पोरीला हाक मारली नाही. काकांनी तळहात सालीवर ठेवला, नातीच्या डोक्यापासून वीतभर वर. त्यांनी हातोडी उचलली, डोळे मिटले आणि ठोका दिला.

"भरीव," ते म्हणाले. मग कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, घसा ताणून म्हणाले, "भरीव!"

डोळे उघडेपर्यंत पोरगी निसटली होती. अजून दोनशे दहा झाडं बाकी होती, आणि ती तिसऱ्याच्या खाली जाऊन उभीसुद्धा राहिली होती.