हात लावू नये

आमच्या हायस्कूलच्या ऑफिसातल्या संगणकावर नऊ वर्षं एक चिठ्ठी चिकटवलेली होती : "गणिताच्या सरांशिवाय कुणीही हात लावू नये." खाली तेच कन्नडमध्ये. अक्षर माझं, आणि गणिताचा सरही मीच. चिकटपट्टी पिवळी पडली की मी न चुकता नवी लावायचो.

संगणकाचं शिक्षण माझं काहीच झालेलं नाही. शाळेत पहिल्यांदा संगणक आले तेव्हा खोकी फोडायला मी पुढे झालो, आणि ते सगळे माझ्याच गळ्यात पडले. ऑफिसात एक, लॅबमध्ये आठ. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. वर्गात भूमिती चालू असताना कुणीतरी दारात येऊन "सर, कॉम्प्युटर अडकलाय" म्हणालं की मी कपाळाला आठ्या घालून निघायचो, पण मनातून खूश असायचो. पासवर्ड माझ्या डोक्यात. दर महिन्याला सगळ्या नोंदींची एक प्रत मी छोट्या बाहेरच्या डिस्कवर काढायचो आणि ती कपाटात कुलपात ठेवायचो. एकदा विज्ञानाच्या सरांनी मला न विचारता प्रिंट काढायचा प्रयत्न केला, तर मी पोरांसमोर त्यांची अशी खरडपट्टी काढली की पुन्हा ऑफिसात त्या खुर्चीकडे कुणी फिरकलं नाही.

शाळा संतपूरहून चार किलोमीटर आत. बायको कलबुर्गीला दवाखान्यात नर्स, मुलगी सातवीत, दोघी तिकडे. मी इकडे एका खोलीत. शनिवारी अर्धी शाळा सुटली की संतपूरला येऊन बस धरायची, जनवाडा मागे टाकत बीदर गाठायचं, तिथे गाडी बदलायची आणि दिवेलागणीला घरी. रविवारी दुपारी जेवण झालं की परत पिशवी भरायची. मुलगी गणितासाठी शेजारच्या काकांकडे जायची, आणि बाप मात्र गणिताचा मास्तर. हे मी चारचौघांत हसत सांगायचो. मला त्याचं हसू येत नव्हतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीच्या तोंडावर माझ्या बदलीची ऑर्डर आली. कलबुर्गीला, घरापासून दोन किलोमीटरवर. बायकोने फोनवर तीनदा वाचून घेतली. ऑर्डरमध्ये स्पष्ट होतं : ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत इथून मोकळं झालं पाहिजे, नाहीतर ऑर्डर रद्द आणि जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. मोकळं करायची सही हेडमास्तरांची. ते भले गृहस्थ, पण निवृत्तीला सहा महिने राहिलेले, त्यामुळे कागदाचा आवाज झाला तरी दचकायचे.

जाताना संगणक नीटनेटका सोपवावा असं मला वाटलं. त्यातली जुनी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, आता कंपनीने वाऱ्यावर सोडली होती, तिला दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या होत्या, आणि नवी घाला म्हणून वरून पत्रही आलं होतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, शाळेला सुट्टी असताना, मी आधी डिस्कवर प्रत काढली आणि मग नवी प्रणाली चढवायला लावली. आमच्याकडचं इंटरनेट तुम्हाला माहीत नसेल तर बरंच आहे. पाच वाजले तरी पडद्यावर अठ्ठावीस टक्के, आणि खाली इंग्रजीत : संगणक बंद करू नका. माझी बस जाणार होती. मी तो तसाच चालू ठेवला, ऑफिसला कुलूप लावलं आणि घर गाठलं.

खंडेनवमीला आमच्या भागात हत्याराला सुट्टी असते. नांगर, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, जे काही पोट भरतं ते धुऊन-पुसून, हळदीकुंकू लावून मांडायचं, त्या दिवशी त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. शाळेत ही पूजा अक्का करायची. अक्का म्हणजे आमची शिपाई, पन्नाशीची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, दहावी पास. शाळेची घंटा, प्रयोगशाळेतला तराजू आणि नऊ संगणक, सगळ्यांना ती झेंडूच्या माळा घालायची. एके वर्षी चालू संगणकावर हळदीचं पाणी उडून कीबोर्ड गेला होता. तेव्हा मीच तिला दम भरला होता, की पूजेआधी मेन स्विच बंद झालाच पाहिजे. त्यानंतर ती ते एकदाही विसरली नाही.

त्या सकाळीही विसरली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सगळ्या किल्ल्या अक्काकडे. नऊ वर्षं ती छोटी डिस्क मी कपाटात कुलपात ठेवताना तिने पाहिली होती, आणि तिच्या हिशेबाने शाळेतलं सगळ्यात मोठं हत्यार तेच. तिने ती काढली, केळीच्या पानावर मधोमध ठेवली, कुंकू लावलं आणि तिच्यापुढे नारळ फोडला. नारळ चांगला पाण्याचा निघाला होता.

सुट्टी संपवून मी आलो तेव्हा संगणकावर निळा पडदा होता आणि त्याच्या पुढे तो जायचं नाव घेत नव्हता. डिस्क लावून पाहिली, तर ती टकटक करून गप्प झाली. तिच्या भोकांतून खोबऱ्याचा आंबट वास येत होता. मी व्हरांड्यात जाऊन अक्कावर असा तुटून पडलो की शेजारच्या शेतात सोयाबीन काढणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या.

"सर, तुमीच सांगितलाव की, पूजेच्या आधी मेन बंद कर म्हणून," अक्का म्हणाली. "आता कामून चिडायलाव?"

मी डिस्क रुमालात गुंडाळून ऑफिसात परत आलो.

मी हेडमास्तरांना म्हणालो, उद्यापर्यंत मी हा सुरू करून देतो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमी करताव, सर. तुमाला येतंय. पन तुमी गेल्यावर पुन्हा असं झालं तर? परीक्षेचे फॉर्म भरायचे दिस हायेत. हे असंच बंद ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या कुनीतरी माज्यासमोर चालू करून दावावं, शिपायानं केलं तरी चालंल. मग मी सही करतो. तुमी हात लावायचा न्हाई."

मी स्टाफरूममध्ये गेलो. विज्ञानाचे सर वहीतून मान वर न काढता म्हणाले, "आमी आनि कॉम्प्युटरला हात? नको रे बाबा." बाकीच्यांनी हसू दाबलं. नऊ वर्षं मी ज्याला ज्याला त्या खुर्चीतून उठवलं होतं तो प्रत्येक जण तिथे बसलेला होता, आणि मला त्यांच्यातल्या एकाचाही राग धरता आला नाही. दाराशी चहाचे कप उचलत अक्का उभी होती.

"मला शिकवा," ती म्हणाली. "माज्या हातानंच बंद पडलाय."

मग मी एक शहाणपणाचं काम केलं. मेलेल्या संगणकातली हार्ड डिस्क काढली, लॅबमधल्या एका संगणकाला जोडली, आणि आतल्या सगळ्या नोंदी तिथे उतरवून घेतल्या. उघडून पाहिल्या, एकूण एक शाबूत होत्या. डिस्क परत होती तिथे बसवली. म्हणजे आता काही जाण्याची भीतीच नव्हती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

लॅबमधलाच दुसरा एक संगणक मी मुद्दाम बिघडवायचो आणि अक्का तो उठवायची. पेन ड्राइव्ह लावायचा, कुठलं बटण दाबून धरायचं, कुठल्या पडद्यावर काय निवडायचं. तिला इंग्रजी वाचून अर्थ लागत नव्हता. ती पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायची आणि शेजारी मराठीत अर्थ लिहून घ्यायची. एका बोटाने, सावकाश. प्रत्येक पडद्याला आधी वहीत पाहणार, मग समोर, मग परत वहीत. माझा पाय टेबलाखाली हलत राहायचा. दोनदा मी तिच्या हातातून माऊस ओढला, दोनदा तिने तो परत घेतला. तिसऱ्या दिवशी तिने माझा एक शब्दही न घेता संगणक उठवला. दोन तास लागले, पण उठवला. मी बायकोला फोन करून सांगितलं, शुक्रवारी सुटतोय, भांडीकुंडी बांधायला घेतली आहेत.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, अडीच वाजता आम्ही बसलो. अक्का खुर्चीत. हेडमास्तर टेबलापलीकडे, समोर माझा कागद, हातात टोपण काढलेला पेन. मी खिडकीजवळच्या बाकावर, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. बाहेर मळणीयंत्राची घरघर चालली होती. अक्काने पदर खोचला, वही उघडली. पहिला पडदा गेला, दुसरा गेला. वीज जाईल की काय या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता, पण वीजही गेली नाही. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी तो दोन पर्यायांचा पडदा आला. एक, माझ्या फाइली ठेवा. दुसरा, सगळं पुसून टाका. अक्का थांबली. तिने वहीचं पान उलटलं, ओळीवर बोट ठेवलं, समोर पाहिलं. परत वहीत पाहिलं. घड्याळात चार अकरा. चार बारा. ती ओठ हलवत एकेक अक्षर जुळवून बघत होती.

मी उठलो. कसा उठलो ते मला आजही सांगता येणार नाही. तीन ढांगांत टेबलाशी गेलो, तिच्या हातावर हात ठेवला आणि माऊस दाबला.

पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं. अक्काने हात काढून मांडीवर घेतला.

"सर," ती हळू म्हणाली, "मी त्याच्यावरच व्हते."

होतीच. बाण बरोबर पहिल्या पर्यायावर होता, आणि मी तो बाकावरून पाहिला होता. चुकली असती तरी काही बिघडणार नव्हतं, सगळ्या नोंदी लॅबमध्ये सुखरूप होत्या. तरीही माझा हात गेला. मला स्वतःची इतकी किळस आली की मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

हेडमास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

"पहिल्यापासून परत करू, सर," मी म्हणालो. "तिला येतंय. तुम्ही पाहिलंत की."

"दोन तास लागत्यात. साडेचार व्हायलेत."

"सर, मी बसते की परत," अक्का म्हणाली. "सा वाजले तरी बसते."

"सा वाजता ऑर्डर ऱ्हायलीच कुठं, अक्का?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, समजूत घालावी तसं, "फुडच्या वर्षी परत अर्ज करा. मी शिफारस लिहून जातो."

पावणेपाचला संगणक सुरू झाला. मुलांच्या नोंदी, दाखले, सगळं जागच्या जागी. अक्काने पडद्याला हात जोडले आणि कुणाकडे न बघता खोल्या बंद करायला गेली. हेडमास्तरांचा चेहरा मात्र कित्येक दिवसांनी फुलला होता. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बगा, तुमच्याबगर न्हाईच होत," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"झाली सही?"

"संगणक सुरू झाला," मी म्हणालो.

"मी सहीचं इचारायलेय."

मी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. अक्काला येत होतं, सगळं सुरक्षित होतं, मीच मध्ये हात घातला. मी भांडण ऐकायची तयारी केली. रडण्याचीही केली.

"एक इचारू?" ती म्हणाली. "तुमाला खरंच यायचं व्हतं का?"

"होतं," मी म्हणालो. पण ते म्हणायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिने फोन ठेवला होता.